दोन बोटं लांब बाही

खुर्चीत बसून घेतलेला मोठा निर्णय हमखास चुकतो, असं अप्पा म्हणायचे. म्हणून स्टेडियमच्या दुसऱ्या मजल्यावर चांगली काचेची बैठकीची खोली असताना घरातल्या बैठका व्हायच्या त्या खाली, गॅलरीच्या पोटात, कपड्यांच्या खोलीत. तिथे कपडे धुण्याची तीन मोठी मशिनं, इस्त्रीचं लांब टेबल, मोज्यांच्या टोपल्या आणि दांडीवर ओळीने लटकणाऱ्या जर्सी. बसायला लाकडी खोके. मशिनं सुरू असली की आतलं बाहेर ऐकू जात नाही, आणि खोक्यावर कुणी फार वेळ बसू शकत नाही. या दोन्ही गोष्टी अप्पांना सोयीच्या वाटत.

अप्पांना जाऊन सहा आठवडे झाले होते. वकिलाने मृत्युपत्र वाचलं, तिन्ही मुलांना क्लबचे तीन सारखे हिस्से मिळाले, पण अध्यक्ष कोण व्हायचं हे अप्पांनी लिहिलं नव्हतं. ज्याच्या बाजूने दोन हिस्से तो अध्यक्ष, एवढंच. खेळाडूंना आयुष्यभर 'चेंडू कुणाला द्यायचा ते आधी ठरवा, मग पाय उचला' असं सांगणारा हा माणूस, स्वतः मात्र चेंडू मधोमध ठेवून निघून गेला.

थोरला दादा त्या सकाळी साडेआठलाच येऊन बसला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात चार घड्यांचा एक कागद होता. महिन्यापूर्वी तो त्याला अप्पांच्या चष्म्याच्या डबीत सापडला, आणि तेव्हापासून रोज शर्ट बदलला की कागदाचीही नव्या खिशात बदली होत होती.

कागद म्हणजे पुढच्या हंगामाची यादी. अप्पा दरवर्षी ती पेन्सिलने लिहीत. डावीकडे जर्सीचा नंबर, उजवीकडे खेळाडूचं टोपणनाव. यादी मावशीच्या हातात गेली की पक्की झाली. मावशी म्हणजे या खोलीची सर्वेसर्वा. एकतीस वर्षं ती खेळाडूंचे कपडे धुते आणि पाठीवरचे नंबर शिवते, आणि एकदा शिवलेला नंबर तिने कुणाच्याही सांगण्यावरून उसवलेला नाही.

यंदाच्या यादीत एक नंबरासमोर, म्हणजे पहिल्या गोलकीपरच्या जर्सीसमोर, 'खांब' असं लिहिलं होतं. खांब हा राखीव गोलकीपर, वीस वर्षांचा, दारातून वाकून जाणारा. आणि गेली चौदा वर्षं एक नंबर घालून गोलमध्ये उभा राहिलेल्या, प्रेक्षकांनी 'भिंत' म्हणून डोक्यावर घेतलेल्या माणसाचं नाव यादीत कुठेच नव्हतं. भिंत म्हणजे या घरचा जावई, ताईचा नवरा.

दादाने कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला वाटलं, आजारपणात राहून गेलं असेल. दुसऱ्यांदा वाचल्यावर तसं वाटेना, कारण अक्षर ठाम होतं. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्याच्या मनात आलं, की हा कागद कुणी पाहिलाच नाही तर जावईबापू आणखी वर्षभर खेळतील, ताई सुखावेल, आणि सुखावलेली ताई भावाच्या बाजूने मत देईल. दादा कपटी नव्हता. पंधरा वर्षं प्रायोजकांशी हस्तांदोलन करून त्याचा उजवा खांदा धरला होता, घराबाहेरचं सगळं तोच बघत होता, आणि एवढ्या वर्षांत अप्पांनी त्याला एकदाही 'तुझं काय मत आहे रे?' असं विचारलं नव्हतं. अध्यक्षाला लोकांना विचारावंच लागतं, अशी त्याची भाबडी समजूत होती.

"दादा, यादी कुठाय?" मावशीने विचारलं. "आज दोनच्या आत फुटबॉल संघटनेकडे नावं जायला हवीत. नाहीतर पोरं बनियनवर खेळतील."

"त्यासाठीच तर बसतोय, मावशी. ठरवतो आत्ता."

"अप्पा बसायच्या आधी ठरवायचे," मावशी म्हणाली आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागली.

*

धाकटा आईला हाताला धरून आत आला. घरात त्याला सगळे शिट्टी म्हणत. फुटबॉल क्लबच्या मालकाच्या पोटी जन्मून हा पठ्ठ्या रेफरी झाला, याचं अप्पांना आधी दुःख झालं, मग हसू आलं आणि शेवटी शेवटी थोडा अभिमानही वाटू लागला. घरच्या सामन्यात त्याने उभं राहायचं नाही, हा संघटनेचा नियमच होता. त्यामुळे दर रविवारी सगळं घर एका मैदानावर आणि शिट्टी दुसऱ्या मैदानावर, परक्या लोकांच्या शिव्या खात.

"बस, आई. इथे, मोज्यांवर. मऊ आहे."

"मोज्यांवर कुणी बसायचं नाही," मावशी म्हणाली.

आई खोक्यावर बसली. शिट्टीने खिशातून एक पाकीट काढलं आणि दादासमोर धरलं.

"हे बघ. संघटनेचं पत्र. क्लबमध्ये हिस्सा असणाऱ्याला रेफरी राहता येणार नाही. सोमवारपर्यंत कळवायचंय, हिस्सा की शिट्टी."

"मग त्यात विचार कसला?" दादा म्हणाला. "हिस्सा ठेव, माझ्या बाजूने मत दे आणि सुखाने घरी बस. चाळिशीला आलास, किती धावशील?"

"चाळिशीला सहा वर्षं आहेत. आणि मी तटस्थ आहे."

"घरात कुणी तटस्थ नसतं."

"म्हणून तर बाहेर रेफरी झालो ना."

आई हसली. सहा आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसत होती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

शिट्टीला खरं तर भांडण सहन होत नसे, म्हणूनच तो भांडणं सोडवण्याच्या धंद्यात पडला होता. मैदानावर नियमाचं पुस्तक असतं, खिशात कार्ड असतं, नव्वद मिनिटांनी सगळं संपतं. घरात यातलं काही नसतं. दादा मगापासून डावा हात छातीवर धरून बसलाय, हे त्याने पाहिलं होतं. चौदा वर्षं खेळाडूंचे हात बघण्यात गेली होती त्याची. हात लपवणाऱ्या माणसाने बहुधा काहीतरी केलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

"छातीत दुखतंय का रे?" त्याने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला आणि हात खाली घेतला.

*

ताई आली ती बुटांना लागलेलं गवत घेऊनच. खेळाडूंचे करार, डॉक्टर, प्रवास, गवत, सगळं तीच बघत असे. अप्पांचं बोट धरून ती या मैदानावर आली, आणि अप्पांच्या शेवटच्या वर्षात क्लब तिनेच चालवला. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही मोठ्याने म्हणत नव्हतं.

"दक्षिणेकडच्या गोलसमोर माती उघडी पडलीय," ती म्हणाली. "आठवड्यात नवं गवत लावलं नाही तर तिथे पहिल्याच सामन्यात कुणाचा तरी पाय मुरगळेल. हं, बोला. कुठपर्यंत आलंय?"

"अजून कुठेच नाही," आई म्हणाली. "तुझीच वाट बघत होतो."

दादाने घसा साफ केला. हे वाक्य त्याने गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"ताई, मी आडपडदा ठेवत नाही. मी थोरला आहे, अध्यक्ष मी व्हावं असं मला वाटतं. आतलं सगळं तूच बघ, त्यात मी बोटही घालणार नाही. आणि जावईबापूंचा करार आजच एक वर्षाने वाढवू. चौदाची पंधरा होऊ देत. शेवटच्या सामन्याला सगळं स्टेडियम उभं राहील. त्यांना मानाने निरोप देऊ."

 ताई एका जर्सीची बाही उगीच सरळ करत राहिली.

तिला हे हवं होतं. इतकं हवं होतं की तिला स्वतःची लाज वाटली. गेलं वर्षभर ती रोज सकाळी नवऱ्याला जिना उतरताना ऐकत होती. आधी उजवा पाय, मग कठडा, मग डावा. घरात त्या गुडघ्याचं नाव कुणी घेत नसे. गेल्या हंगामात नऊ गोल त्याच्या डाव्या हाताकडून गेले. नऊही तिला पाठ होते, आणि त्यालाही असणारच. रात्री जेवताना दोघं मुलीच्या शाळेबद्दल बोलत. मास्तरांना, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांना, तिने एकदा सरळ विचारलं होतं, तर ते म्हणाले, "घरचा मामला आहे, तुम्ही ठरवा." वीस वर्षं प्रशिक्षक असलेला माणूस, आणि गोलकीपर कोण हे त्याला घरच्यांनी सांगायचं.

आणि नाही म्हणायचं तर पुढे काय, तेही तिला माहीत होतं. एखाद्या खेळाडूला सोडायचं ठरलं की पत्र जायचं नाही, फोन जायचा नाही. अध्यक्षाने स्वतः त्याच्या दारात जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. आधी बातमी सांगायची आणि मग कौतुक. अप्पा म्हणायचे, "कौतुक आधी केलं तर त्याला ते ऐकूच येत नाही, तो बातमीची वाट बघत राहतो." आत बोलवायचं की दार लावायचं, ही त्या खेळाडूची मर्जी. आणि ठरल्यापासून सांगेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. 'पोटात एक ठेवून त्याच्या ताटावर कसं बसायचं?' असं अप्पांचं म्हणणं. शंभराच्या वर दारांत ते असे उभे राहिले होते. कुणी दार आपटलं, कुणी गळ्यात पडून रडलं, एकाने बादलीभर पाणी ओतलं आणि पाच वर्षांनी आपल्या मुलाला याच क्लबमध्ये आणून घातलं.

"एकच वर्ष," दादा हळू आवाजात म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

"खांबाचं," ताई म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"खांब वीस वर्षांचा आहे. थांबेल."

"हो," ताई म्हणाली. "थांबेल." आणि मग म्हणाली, "मला जरा विचार करू दे."

एवढं ऐकल्यावर दादाने सुटकेचा श्वास सोडला, आणि मावशीने हातातले मोजे खाली ठेवले.

*

मावशी कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली. किल्ली तिच्या कमरेला होती. आतून तिने पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि इस्त्रीच्या टेबलावर पसरलं. ती गोलकीपरची जर्सी होती, नवी कोरी, पाठीवर एक नंबर शिवलेला.

"मी मधे बोलणारी कोण," ती म्हणाली. "पण नंबर मी शिवलाय, आणि शिवलेला मी उसवत नाही. अप्पा तीन महिन्यांपूर्वी आले, इथेच उभे राहिले. म्हणाले, 'मावशी, यंदा एक नंबरची बाही दोन बोटं लांब काप.' मी म्हटलं, जावईबापूंचे हात वाढले काय या वयात? तर काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग मी काही विचारलं नाही."

ताईने बाही हातात घेतली. नवऱ्याच्या जर्सीची बाही तिने इतक्या वेळा दुमडली होती की माप हाताला पाठ होतं. ही बाही त्याची नव्हती. ही खांबाची होती.

शिट्टी दादाकडे बघत होता. दादाचा डावा हात पुन्हा छातीवर गेला होता.

"दादा," तो म्हणाला, "खिशात काय आहे?"

मशिनचा फेरा संपला आणि खोलीत एकदम शांतता झाली. दादाने कागद काढला, घड्या उलगडल्या आणि जर्सीशेजारी ठेवला. कुणी उचलला नाही. पेन्सिलचं अक्षर लांबूनही वाचता येत होतं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"महिना झाला."

"महिनाभर खिशात घेऊन फिरलास?" शिट्टी म्हणाला.

"फिरलो." दादा ताईकडे वळला. "मला तुझं मत हवं होतं, ताई. खोटं कशाला बोलू? आणि दुसरं म्हणजे, हे खरं धरलं तर अध्यक्षाला त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार. ज्या माणसाने माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला खांद्यावर उचललं, त्याला मी काय सांगू? मला खुर्ची हवी होती, ताई. ते दार नको होतं."

ताईला राग यायला हवा होता. पण पाच मिनिटांपूर्वी आपण काय म्हणालो, ते तिला आठवलं. जरा विचार करू दे. विचार कसला करायचा होता? दादाने महिनाभर जे केलं, ते करायला ती पाच मिनिटांत तयार झाली होती.

"पण अप्पा स्वतः का नाही आले सांगायला?" ती म्हणाली. "दीड महिना होता त्यांच्याकडे. एवढ्या लोकांना सांगितलं, आणि..."

ती बोलता बोलता थांबली. तिला एक रविवार आठवला. अप्पा जेवायला आले होते, पण ताटावर बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. चहा नको, पाणी नको. नातीशी खेळले आणि गेले. त्यानंतर ते ताईच्या घरी कधी आलेच नाहीत. तिने ते आजारपणाच्या खात्यावर टाकलं होतं.

"पाणीसुद्धा प्यायले नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली.

*

आई इतका वेळ हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला फुटबॉलमधलं फारसं कळत नसे, असं सगळे समजत, आणि तिनेही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नव्हता. ऑफसाइड तिला तिच्या तिन्ही मुलांच्या आधी कळला होता.

"तीनदा गेले होते तुझ्या घरी," ती म्हणाली. "मी गाडीत असायची. पहिल्यांदा फाटकातून परत आले. म्हणाले, दिवा दिसत नाही, झोपले असतील. दुपारी चारला. दुसऱ्यांदा पायऱ्यांपर्यंत गेले. तिसऱ्यांदा बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. गाडीत येऊन बसले आणि मला म्हणाले, 'बरं झालं, नव्हता घरात.' आणि मग रडले. मी इतक्या वर्षांत ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात हॉस्पिटलात गेले."

"तू सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"मी कशी सांगणार? मी अध्यक्ष नव्हते." आईने शिट्टीच्या हातातलं पाकीट घेतलं, उघडून वाचलं आणि परत दिलं. "तू काय ठरवलंस रे?"

"शिट्टी नाही सोडणार मी," तो म्हणाला. "माझा हिस्सा तुझ्या नावावर करतो. मत तू दे. दोघांपैकी एकाला हरवायला मला नको सांगूस, आई."

"म्हणजे कार्ड मी दाखवायचं."

"तुला भितात सगळे."

आईने दादाकडे आणि ताईकडे आळीपाळीने पाहिलं.

"ठीक आहे. मला वय नको, अनुभव नको, कोणी किती हात मिळवले तेही नको. ह्यांचं एक काम राहून गेलंय. ते आज व्हायला हवं, दोनच्या आत. जो जाईल त्याच्यामागे मी."

दादा उठून उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर हिशेब नव्हता, आणि ते शिट्टीला सगळ्यात आधी दिसलं.

"मी जातो," तो म्हणाला. "ताई, खुर्चीचं राहू दे बाजूला. बायकोने नवऱ्याला हे सांगायचं नसतं. उद्या सकाळी एकाच टेबलावर चहा प्यायचाय तुम्हाला. माझ्यावर चिडतील, दोन महिने बोलणार नाहीत, मी सोसेन. तू मोकळी राहशील. घरी जाऊन म्हण, मला विचारलंच नाही दादाने."

एवढं चांगलं दादा आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि ताईला त्याची खरोखरच माया वाटली. हे मान्य केलं असतं तर तिच्या घरात काहीच मोडलं नसतं. नवरा तिच्या कुशीत येऊन दादाला शिव्या घालू शकला असता, आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. फक्त त्या हाताला ठाऊक असतं.

तिने कागदाची घडी घातली आणि मावशीकडे दिला.

"यादी हीच, मावशी. पाठवू नका अजून. मी सांगून आले की मग."

"ताई," दादा म्हणाला.

"तू म्हणालास ते खरंय, दादा. सकाळी एकाच टेबलावर चहा प्यायचाय. म्हणूनच मी जाते." तिचा आवाज कापला आणि तिने तो कापू दिला. "तू सांगितलंस तर मला रोज माहीत नसल्याचं नाटक करावं लागेल. ते मला जमणार नाही. एक वर्ष गुडघ्याचं केलं, तेवढं पुरे."

आईने मान हलवली. झालं, एवढाच त्याचा अर्थ होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी अभिनंदन केलं नाही. शिट्टीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "अकरा वाजून चाळीस." दादाने खिसे चाचपून गाडीची किल्ली काढली.

"चल," तो म्हणाला. "आई गाडीत बसायची ना? मी बसतो."

*

घर दहा मिनिटांवर होतं.  फाटकाशी दादाने गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

ताई पायऱ्या चढली. सवयीने तिचा हात पर्समध्ये गेला, किल्लीपर्यंत पोहोचला, आणि तिने तो रिकामाच बाहेर काढला. मग तिने स्वतःच्या घराची बेल वाजवली. हा आवाज बाहेरून कसा येतो, हे तिने अकरा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आत पावलं वाजली. उजवा पाय, थांबणं, डावा. दार उघडलं. त्याच्या हातात बर्फाची पिशवी होती आणि खांद्यावर टॉवेल.

"किल्ली विसरलीस?" तो म्हणाला. मग त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. फाटकाशी गाडी, गाडीत मेहुणा. त्याने पिशवी हळूच दाराशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि सरळ उभा राहिला, पेनल्टीच्या वेळी राहतो तसा.

"पुढच्या हंगामाच्या यादीत तू नाहीस," ताई म्हणाली. "एक नंबर खांबाला दिलाय. यादी अप्पांची आहे, पण निर्णय माझा आहे. आजपासून अध्यक्ष मी आहे."

बातमी सांगून झाली. आता कौतुक. तिने गाडीत जुळवलं होतं काहीतरी, चौदा वर्षं, दोन अंतिम सामने, तो पावसातला सामना. त्यातलं काहीच ओठांवर येईना. तिला नुसतं रडू आलं, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून ती रडली.

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग म्हणाला, "अप्पा आले होते. एकदा बेल वाजवली त्यांनी. मी आतच होतो, जिन्यात. खिडकीतून त्यांना पायऱ्या चढताना पाहिलं आणि मला कळलं. ते जेवले नव्हते ना आपल्याकडे त्या रविवारी, तेव्हाच कळलं होतं. मी दार उघडलं नाही."

ताईने डोळे पुसले.

"मला वाटलं, पुढच्या आठवड्यात उघडू. तेवढा एक आठवडा हवा होता मला." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "पुढच्या आठवड्यात ते हॉस्पिटलात होते. म्हाताऱ्याचं एकच काम राहिलं होतं, तेही मी करू दिलं नाही. तुला सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"मीसुद्धा," ताई म्हणाली.

त्याने मान हलवली. मग तो आत वळला आणि त्याने दार लोटून घेतलं. आपटलं नाही, पण कडी लागल्याचा आवाज तिने ऐकला. आत बोलवायचं की दार लावायचं, ही त्याची मर्जी. किल्ली पर्समध्ये होती, आणि ती तशीच राहू देऊन ताई पायरीवर उभी राहिली. फाटकाशी दादा गाडीतून उतरला, दोन पावलं पुढे आला, आणि तिने हातानेच थांबवल्यावर तिथेच थांबला.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. शिट्टी असता तर त्याने मिनिटासकट सांगितलं असतं. आतून जिन्याचा आवाज आला, वर जाताना आणि मग खाली येताना. कडी निघाली.

त्याच्या हातात त्याचे जुने हातमोजे होते, मागच्या हंगामातले, डावा अंगठा शिवून घेतलेला.

"हे खांबाला दे. लहान होतील त्याला, पण जवळ ठेव म्हणावं. आणि सांग, दक्षिणेकडच्या गोलसमोर डाव्या बाजूला माती उघडी पडलीय, तिथे पाय रोवू नको."

"आठवड्यात गवत लावतेय मी तिथे."

"गेल्या वर्षी लावायला हवं होतंस," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. तो दारातून बाजूला झाला, कठड्याला धरून, उजव्या पायावर भार देऊन. "मेहुण्यांनाही बोलव. उन्हात कशाला उभे ठेवलेस? चहा टाकतो. आता पिता येईल तुम्हाला."